हाडाचे कलम : सर विल्यम मॅकेवन यांचे जीवन

आंब्याचे कलम कसे बांधतात हे गोव्यात किंवा बेळगावकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रायवळ रोपावर हापूसची काडी बसवायची, दोन्हींचा ओला भाग एकमेकांना नीट भिडवायचा, वरून पट्टी गुंडाळायची आणि हलू द्यायचे नाही. रस चढला तर कलम धरते, नाही तर काडी सुकून जाते. माणसाच्या हाडाचेही असेच कलम बांधता येते. अपघातात मांडीच्या हाडाचा चार बोटे तुकडा नाहीसा झाला, किंवा हाडात पू होऊन ते नासले व काढून टाकावे लागले, तर मधली मोकळी जागा दुसरे हाड घालून भरून काढतात. मोठ्या शहरांतील इस्पितळांना हे शस्त्रकर्म आता नवे राहिलेले नाही. परंतु एका माणसाचे हाड दुसऱ्याच्या हातात घालून तो हात वाचविण्याचे काम प्रथम यशस्वी करून दाखविले ते स्कॉटलंडमधील एका शल्यवैद्याने, आणि तेही १८७९ साली सुरुवात करून. त्या वेळी क्ष-किरण नव्हते; ते १८९५ मध्ये सापडले. पेनिसिलीनला तर अजून जवळजवळ पन्नास वर्षे अवकाश होता. या महिन्यात आम्ही त्या वैद्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्कॉटलंड हे नाव आपल्या मंडळ्यांना परके नाही. १८२९ साली मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन तिकडचेच, आणि रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याला जे काम उभे केले त्याच्या पाठीशीही स्कॉच मंडळीच होती. विल्यम मॅकेवन मात्र हिंदुस्थानात कधी मिशनरी म्हणून आले नाहीत. त्यांचे सारे आयुष्य ग्लासगो या एका शहरात, बहुतेक दोन इस्पितळांतच गेले.

त्यांचा जन्म २२ जून १८४८ रोजी ब्यूट नावाच्या बेटावर, रॉथसे गावाजवळ झाला. घरात बारा मुले, आणि विल्यम सर्वांत धाकटे. वडील जहाजावरून व्यापार करणारे. १८६० च्या सुमारास हे कुटुंब ग्लासगोला राहावयास आले. बेटावरच्या स्वच्छ हवेतून आलेल्या मुलाला ते शहर कसे वाटले असेल याची कल्पना करावी. कारखान्यांचा धूर इतका की दिवसादेखील सूर्य धड दिसत नसे. चाळींत माणसे दाटीवाटीने राहत, आणि गल्ल्यांत खेळणाऱ्या पोरांचे पाय धनुष्यासारखे वाकलेले असत. हा मुडदूस. अंगावर ऊन न पडल्याने व खाण्यात कस नसल्याने हाडे मऊ राहतात, हे शास्त्राला नीट कळले ते १९२० च्या आसपास. तोपर्यंत हजारो मुले वाकड्या पायांनीच मोठी झाली. पुढे या वाकड्या पायांचाच आपल्या कथेशी संबंध येणार आहे.

विल्यम ग्लासगो विद्यापीठात वैद्यकी शिकू लागले त्याच सुमारास तेथील रॉयल इन्फर्मरीत प्रोफेसर जोसेफ लिस्टर यांनी जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरण्यास आरंभ केला. १८६५ च्या ऑगस्टमध्ये गाडीखाली सापडून पाय मोडलेल्या एका मुलाच्या उघड्या जखमेवर लिस्टर यांनी कार्बोलिकची पट्टी बांधली आणि ती जखम पू न होता भरली. हाड कातडीबाहेर आले की पाय कापायचा, नाही तर रोगी मरायचा, असा तो काळ होता. तरुण मॅकेवन यांनी हे सारे जवळून पाहिले. १८६९ साली ते पदवीधर झाले, आणि त्याच वर्षी लिस्टर एडिंबरोला निघून गेले.

पदवीनंतर त्यांनी तापाच्या इस्पितळात काम केले, मग १८७१ पासून पोलीस सर्जन म्हणून. हे पद मानाचे नव्हे. रात्री-बेरात्री चौकीवर बोलावणे यायचे; मारामारीत भोसकलेले, नदीतून काढलेले, दारू पिऊन रस्त्यात पडलेले लोक तपासायचे. आम्हांला मात्र वाटते की मॅकेवन यांची खरी शाळा हीच. दारूने बेशुद्ध झालेला कोण आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला कोण, हे न ओळखता पोलीस दोघांनाही कोठडीत टाकीत, आणि दुसऱ्या प्रकारचा माणूस सकाळी मेलेला सापडे. मॅकेवन यांनी अशा लोकांच्या डोळ्यांतील बाहुल्या पाहून फरक करण्याची रीत बसविली. जे दिसते ते पाहायचे, लगेच टिपून ठेवायचे व मगच बोलायचे, हा स्वभाव तेथे पक्का झाला.

रॉयल इन्फर्मरीत त्यांना १८७५ नंतर जागा मिळाली. तेथे त्यांनी लिस्टर यांचे काम पुढे नेले. लिस्टर जखमेतील जंतू औषधाने मारीत. मॅकेवन यांचे म्हणणे असे की जंतू जखमेपर्यंत जाऊच देऊ नयेत. हात ब्रशने घासून धुवायचे, पट्ट्या व हत्यारे उकळायची, अंगात धुतलेला स्वच्छ झगा घालायचा. लाकडी मुठीची हत्यारे उकळता येत नाहीत, म्हणून त्यांनी मुठीसकट एकसंध पोलादाची हत्यारे करवून घेतली. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. पण त्या काळी रक्ताने कडक झालेला जुना कोट घालूनच शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते, आणि त्या डागांचा त्यांना अभिमान असे.

या स्वच्छतेच्या बळावर त्यांनी मुडदुसाच्या पायांना हात घातला. हाड पटाशीने कापायचे आणि पाय सरळ करून बांधायचा. साधी पटाशी एका बाजूनेच उतरती असते, तिने हाड वेडेवाकडे चिरते. म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी उतरती धार असलेले हत्यार बनविले. गुडघे एकमेकांवर घासणाऱ्या मुलांच्या मांडीचे हाड ते गुडघ्याच्या वर कापीत. जिथे नडगी पुढे धनुष्यासारखी वाकली असेल तिथे तिच्यातून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून टाकीत. १८८४ पर्यंत अशी सुमारे १,८०० शस्त्रकर्मे त्यांनी केली होती. ज्या काळात निरोगी हाड उघडे करणे म्हणजे मृत्यूला दार उघडणे असे मानीत, त्या काळातला हा आकडा आहे.

आता मुख्य हकीगतीकडे वळू. १८७८ च्या जुलैत तीन वर्षांचा एक मुलगा इन्फर्मरीत आला. त्याच्या दंडाच्या हाडात पू होऊन ते बहुतेक सारे मेले होते. मेलेले हाड आत ठेवले तर पू थांबत नाही, तेव्हा ते काढून टाकावे लागले. खांद्यापाशी थोडे व कोपरापाशी थोडे एवढेच उरले. हाडावरचे पातळ आवरण मात्र जागच्या जागी ठेवले.

या आवरणाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ज्यांच्या घरी मटण होते त्यांनी ओली नळी नखाने खरवडून पाहावी. वर एक पांढरा, चिवट पापुद्रा सुटून येतो. तेच हे आवरण. संडे स्कूलच्या शिक्षकांना मुलांपुढे शरीररचनेचा विषय काढायचा असेल तर चित्रापेक्षा हे दाखविणे बरे. सुमारे १७४० मध्ये द्युआमेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जिवंत प्राण्याच्या हाडाभोवती, आवरणाखाली, चांदीच्या तारेचे कडे घातले. काही काळाने पाहतो तो कडे हाडात बुडालेले! यावरून त्याने ठरविले की झाडाची साल जशी नवे लाकूड घडविते तसे हे आवरण नवे हाड घडविते. पुढे लियाँ शहरातील ऑलिए या नामांकित सर्जनने पुष्कळ प्रयोग करून तेच मत मांडले व १८६७ साली त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा आवरण शिल्लक आहे तर मुलाच्या दंडात हाड आपोआप भरून येईल, अशी सर्वांची अपेक्षा होती.

सव्वा वर्ष वाट पाहिली. वरच्या टोकाला थोडी वाढ झाली, तेवढीच. मधे हाड आले नाही. हात दोरीला बांधलेल्या पिशवीसारखा लोंबत होता. स्नायू आखडले की मांस वर गोळा होई, पण आत टेकण्यास काही नसल्याने हात उचलला जात नसे. दुसऱ्या हाताने तो सावरून धरावा लागे, म्हणजे एका हाताने दोन्ही हात निकामी केले. अखेर आईबापच म्हणू लागले की असला हात असण्यापेक्षा तो कापून टाकलेला बरा. त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही इस्पितळात तसेच झाले असते, आणि त्यात कोणी कोणाला दोष दिला नसता.

मॅकेवन यांनी नकार दिला. त्यांच्या वॉर्डात त्याच वेळी वाकड्या नडगीचे रोगी होते, ज्यांच्या हाडातून पाचरी काढून टाकायच्याच होत्या. त्या टाकून देण्याऐवजी या मुलाच्या दंडात घातल्या तर? मुलाच्या दंडात स्नायूंच्या मधून त्यांनी हाडाच्या जागी एक चर तयार केला. शेजारच्या रोग्याच्या नडगीतून पाचर निघताच तिचे पटाशीने बारीक बारीक तुकडे केले आणि ओले असतानाच ते त्या चरात, वरच्या हाडाच्या टोकापासून खाली, रचून वरून मांस शिवून टाकले. १८७९ च्या उत्तरार्धात हा पहिला हप्ता झाला. एकदम सारी पोकळी न भरता पुढे आणखी दोनदा, अंतर राखून, तसेच केले. अखेरच्या वेळी खालच्या टोकापर्यंत पूल पुरा झाला.

तुकड्यांचे तुकडे का केले, असे कोणी विचारील. मोठा ओंडका घातला तर त्याच्या पोटात रक्त पोहोचण्यापूर्वी तो आतून मरतो; बारीक तुकड्यांच्या चहूकडून रक्ताच्या केसासारख्या वाहिन्या शिरू शकतात. आजही पोकळी भरताना सर्जन हाडाचे लहान तुकडे पुष्कळदा वापरतात, त्यामागे हाच विचार आहे. कलमाला तीन गोष्टी लागतात : जखम निर्जंतुक पाहिजे, भोवती रक्त वाहते पाहिजे, आणि जागा हलता कामा नये. यांतले एक जरी चुकले तरी सारे वाया. तिन्ही वेळा पू झाला नाही, याचे श्रेय पटाशीपेक्षा उकळत्या पाण्याला आणि पट्ट्या बदलणाऱ्या परिचारिकांना अधिक द्यावे असे आमचे मत आहे.

हाड जमले. दंडाच्या हाडाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग अशा रीतीने पुन्हा उभा राहिला आणि १८८१ मध्ये मॅकेवन यांनी ही सारी हकीगत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. हात दुसऱ्या हातापेक्षा आखूड राहिला, पण तो उचलता येऊ लागला, त्याने वस्तू धरता येऊ लागली. मुलगा मोठा झाला आणि हातांनी काम करून पोट भरू लागला. मॅकेवन यांनी त्याला पुढेही नजरेआड होऊ दिले नाही. १९१२ साली आपल्या ग्रंथात त्यांनी त्याची पुढची हकीगत दिली आहे. एवढा पाठपुरावा करणारे वैद्य तेव्हा थोडे होते. आम्हांला राहून राहून त्या दुसऱ्या रोग्यांचीही आठवण येते, ज्यांच्या वाकड्या नडग्यांतून हा दंड तयार झाला. आपल्या हाडाचे काय झाले हे त्यांना कोणी सांगितले असेल का?

हाड देणे-घेणे या गोष्टीला त्यापूर्वीचा एक विचित्र इतिहास आहे, आणि त्यात मंडळीचाही हात आहे, म्हणून तो येथे सांगतो. १६६८ साली छापलेल्या योब व्हान मेकेरेन या डच सर्जनच्या ग्रंथात एक ऐकीव कथा आहे. रशियात एका सरदाराच्या डोक्याला तलवारीचा घाव बसून कवटीचा तुकडा गेला, तेव्हा वैद्याने मेलेल्या कुत्र्याच्या कवटीचा तुकडा तेथे बसविला व जखम बरी झाली. पण ख्रिस्ती माणसाच्या डोक्यात कुत्र्याचे हाड, म्हणून तेथील मंडळीने त्याला बहिष्कृत केले. ते हाड काढून टाका म्हणून त्या बिचाऱ्याला पुन्हा वैद्याकडे जावे लागले! कथा खरी असो वा नसो, ती लोकांना खरी वाटण्यासारखी होती, हे आपण ध्यानात ठेवावे. ग्लासगोच्या मुलाच्या वेळी मात्र कोणी असा प्रश्न काढल्याचे आमच्या वाचनात नाही.

या मुलाच्या दंडाने मॅकेवन यांच्या मनात एक शंका कायमची घातली. आवरण होते, तरी हाड आले नाही. हाडाचे तुकडे घातले, तेव्हा आले. मग हाड घडविणारे कोण? त्यांनी द्युआमेलचा चांदीच्या कड्याचा प्रयोग पुन्हा करून पाहिला, इतरही पुष्कळ केले, आणि निर्णय दिला की हाड हाडातील पेशीच घडवितात. आवरण हे केवळ कुंपण, हाडाला आपल्या मर्यादेत ठेवणारे. हेच त्यांच्या १९१२ च्या ग्रंथाचे सार. पुढे सत्तरी गाठल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही. हरणाची शिंगे काही महिन्यांत वाढतात, मग वरची मखमल गळून पडते व शेवटी शिंगेही झडतात. इतक्या झपाट्याने वाढणारे हाड दुसरे नाही, म्हणून त्यांनी त्याचाच अभ्यास करून १९२० मध्ये पुस्तक लिहिले.

आज आपल्याला ठाऊक आहे की या वादात मॅकेवन अर्धेच बरोबर होते. आवरणाच्या आतल्या थरात हाड घडविणाऱ्या पेशी असतात, विशेषतः लहान मुलांत. ऑलिए यांचेही म्हणणे खोटे नव्हते. मुलाच्या दंडातले आवरण बहुधा पुवानेच निर्जीव झाले असावे. शिवाय दुसऱ्याच्या हाडातील पेशी नव्या शरीरात जगत नाहीत, शरीर त्यांना परके मानते. घातलेले तुकडे मुख्यतः मांडवासारखे उपयोगी पडतात. वेल जशी मांडवावर चढते तशा रोग्याच्या स्वतःच्या पेशी त्यांवर चढतात, जुने हाड हळूहळू पोखरून त्या जागी नवे घालतात, आणि काही वर्षांनी मूळचा मांडव बहुतेक नाहीसा होतो. मृत हाडातही नव्या पेशींना हाड घडविण्यास प्रवृत्त करणारे द्रव्य असते, हे अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखविले. म्हणजे तर्क अर्धा चुकला तरी हात बरोबर होता, आणि मुलाला गरज हाताचीच होती.

मॅकेवन यांच्या इतर कामांचा येथे केवळ उल्लेख करतो, कारण त्यांवर स्वतंत्र लेख होईल. १८७९ मध्येच त्यांनी अंगाच्या झटक्यांवरून जागा ओळखून मेंदूवरची गाठ काढली. मेंदूत पू झालेल्या १९ रोग्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांनी १८ वाचविले आणि १८९३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. घसा न कापता तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची रीतही त्यांनी १८८० च्या सुमारास वापरली. १८९२ साली ते लिस्टर यांच्याच आसनावर ग्लासगोचे प्रोफेसर झाले. १९०२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

माणूस मात्र सोपा नव्हता. उंच, देखणा, करारी, आणि आपल्या वॉर्डात दुसऱ्या कोणाचा शब्द चालू न देणारा. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स हे नवे इस्पितळ उघडले तेव्हा त्यांना तेथील शस्त्रवैद्यकाची प्रमुख जागा देऊ केली होती. परिचारिका आपल्या निवडीच्या व आपल्या हाताखाली असाव्यात, ही त्यांची अट तेथे मान्य होईना, म्हणून त्यांनी ती जागा सोडून दिली. हट्टी म्हणावे तर म्हणता येईल. पण चांगली शिकलेली परिचारिका नसेल तर पटाशी व्यर्थ आहे, हे ते अनुभवाने जाणत होते. इन्फर्मरीच्या मेट्रन रिबेका स्ट्राँग यांनी वॉर्डात पाठविण्यापूर्वी मुलींना वर्गात बसवून शिकविण्याची शाळा १८९३ मध्ये काढली, तिला मॅकेवन यांचा मोठा आधार होता. आपल्या कित्येक घरांतल्या मुली मिशन इस्पितळांत नर्सिंग शिकून कुटुंबाचा आधार झाल्या. आधी वर्ग व मग वॉर्ड ही त्यांच्या परिचयाची पद्धत कोठून आली, हे त्यांना वाचून बरे वाटेल.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. तोफांच्या मार्‍याने हातपाय गमावलेले सैनिक शेकड्यांनी परत येऊ लागले. त्यांच्या हाडांत कलम बांधावे असे उरलेच नव्हते. १९१६ साली क्लाइड नदीकाठी अर्स्किन येथे अशा लोकांसाठी इस्पितळ उघडले आणि मॅकेवन तेथील पहिले प्रमुख सर्जन झाले. लाकडी हातपाय पुरेसे मिळेनात, तेव्हा ते नदीकाठच्या जहाज बांधणाऱ्या यॅरो कंपनीकडे गेले. जहाजाचे साचे कोरणारे कुशल सुतार तेथे होते. त्यांच्या मदतीने त्यांनी हलका व टिकाऊ पाय तयार करविला आणि पुढे तो इस्पितळाच्याच कारखान्यात बनू लागला.

हाडाच्या कलमाचे काम त्यांच्यामागे इतरांनी पुढे नेले. आता बहुधा रोग्याच्याच कमरेच्या हाडातून तुकडे घेतात, कारण ते परके ठरत नाहीत. पोकळी फारच मोठी असेल तर पोटरीतले बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून नव्या जागी त्या वाहिन्या जोडतात. ऑस्ट्रेलियात टेलर यांनी हे १९७५ मध्ये केल्याचे सांगितले. रशियातील इलिझारोव्ह यांनी तर बाहेरून कड्या व तारा लावून रोग्याचेच हाड रोज सुमारे एक मिलिमीटर सरकवीत पोकळी भरण्याची रीत काढली. आणि दुसऱ्याच्या हाडाचा उपयोगही थांबलेला नाही. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा जो गोळा काढून टाकावा लागतो तो, दात्याच्या रक्ताची कावीळ व एड्ससारख्या रोगांसाठी तपासणी करून, हाडांच्या पेढीत ठेवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात १९८८ साली अशी पेढी सुरू झाली. तेथे हाडे गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

सर विल्यम मॅकेवन यांनी अखेरपर्यंत काम केले. ब्यूट बेटावर त्यांनी शेती घेतली होती आणि सुटीत ते तेथे जात. २२ मार्च १९२४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, न्यूमोनियाने ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले. प्रोफेसरची जागा तोपर्यंत त्यांच्याकडेच होती.